आधी पाणी शोधलं, मग रबर बदललं: चेंबूरच्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 2007 सालची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. पहिल्यापासून एकाच घरात. चेंबूरच्या जुन्या सोसायटीत उघड्यावर, रेन ट्रीच्या खाली उभी असते. मालक निवृत्त आहेत, मी त्यांना काका म्हणतो. आता गाडी बहुतेक त्यांची मुलगी चालवते. काकूंना डॉक्टरांकडे न्यायचं असतं, आणि अधूनमधून सगळे पेणला गावी जातात, हल्ली शिवडीहून अटल सेतूवरून. इंजिन ठणठणीत आहे. 15 वर्षं भरल्यावर आरटीओत पासिंग करून पुढच्या 5 वर्षांची नोंदणीही घेतली आहे. गाडी काढून टाकायचा विषयच नव्हता.

मी गाड्यांच्या ट्रिमचं काम करतो. म्हणजे दारांची पॅडं (आतली आवरणं), काच ज्यात सरकते ती चॅनेलं, रबरं, बीडिंग. हे काम आलं तेव्हा मागच्या दोन दारांची रबरं कारखान्यातून आली होती तीच होती, पुढच्या दोन दारांची बाहेर कुठेतरी बदललेली होती.

दारांचं रबर बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम जातीचं असतं. ऊन आणि ओझोन ते साध्या नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी चांगलं सोसतं, म्हणून पंधरा-सतरा वर्षांनीही वरून धड दिसतं. जाते ती त्याची उसळी. रबरात एक पोकळ नळी असते, दार लागलं की ती दबते आणि पत्र्याला चिकटून फट बुजवते. वर्षानुवर्षं दबून ती चपटी होते आणि दार उघडल्यावरही पूर्वीसारखी फुगत नाही. त्यात या सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा रबरं चमकावीत म्हणून त्यांच्यावर डिझेलचं फडकं फिरवायचा. ईपीडीएमला पेट्रोल, डिझेल, ग्रीस यांचं वावडं आहे. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

तक्रार

तक्रारी दोन होत्या. रात्रभर पाऊस झाला की सकाळी पुढच्या डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं, आणि अटल सेतूवर गाडीने वेग घेतला की डाव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिट्टी. सेतूवर गाड्यांना ताशी 100 किलोमीटरची मुभा आहे आणि खाडीवरचा वारा आडवा येतो. शहरातल्या रस्त्यावर ऐकू न येणारी फट तिथे बोलायला लागते.

शिट्टी सहन करता आली असती, ओल नाही. काकूंना दमा आहे. बंद गाडीतला कुबट वास त्यांना लगेच बाधायचा, आणि पावसात काचा उघड्या ठेवून जाता येत नाही. मुलगी मला म्हणाली, "दादा, आई गाडीत बसायलाच नको म्हणते, आणि रिक्षाने गेलं तर भिजतो." माझ्या दृष्टीने या कामाची निकड इथे होती. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कार्पेटखालचा फेल्टचा थर एकदा भिजला की त्या चार महिन्यांत आपोआप वाळत नाही. वास येतो, बुरशी येते, खालचा पत्रा आतून गंजायला लागतो.

माझ्याकडे येण्याआधी काय झालं होतं

मे महिन्यात घरच्यांनी एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात पुढच्या दोन्ही दारांची रबरं बदलून घेतली होती. रोलमधून कापून मीटरवर विकतात ते रबर होतं, नळी जाड होती. दुकानदाराचा हिशेब सरळ होता, की रबर जुनं झालंय, पाणी येतंय, तर जाड रबर लावू. काढलेली मूळ रबरं दुकानातच टाकून दिली गेली.

त्यानंतर दार लागेना. दाराच्या लॉकला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर दार अडकतं पण पूर्ण बसत नाही, दुसऱ्या टप्प्यावर घट्ट बसतं. जाड रबरामुळे डावं दार पहिल्याच टप्प्यावर थांबायचं. मग खांबावरची कडी, जिला आम्ही स्ट्रायकर म्हणतो, ती ढिली करून बाहेरच्या बाजूला सरकवून दिली गेली. दार लागायला लागलं, पण आपटूनच. पाणी होतं तसंच राहिलं आणि शिट्टी वाढली.

तपासणी

स्ट्रायकरपाशी मी बराच वेळ थांबलो. त्याच्या पट्टीच्या आतल्या कडेला मूळ रंगाची कोरी, चकचकीत रेघ उघडी पडली होती. सतरा वर्षं ती पट्टीखाली झाकलेली होती, म्हणून तिथे ना धूळ ना ओरखडा. कडी किती सरकवली, हे त्या रेघेच्या रुंदीवरून मोजता आलं: जवळपास 3 मिलिमीटर. दाराची मागची कड शेजारच्या पत्र्यापेक्षा तेवढीच पुढे आलेली दिसत होती. वर काचेची चौकट जाड रबराने बाहेर ढकलली होती. शिट्टीचं निम्मं कारण तिथेच कळलं.

पाण्याचं कारण त्याने कळत नव्हतं. पुढच्या डाव्या पायापाशी पाणी साचलं तर मुंबईत पहिला संशय एसीवर घ्यावा लागतो. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी त्याच बाजूला असते, ती तुंबली की पाणी आत उतरतं. गाडी उभी ठेवून एसी चालू केला. थोड्या वेळात गाडीखाली थेंब पडायला लागले, म्हणजे नळी मोकळी होती. शिवाय इथे गाडी रात्रभर बंद असताना पाणी येत होतं आणि ते मातकट होतं. एसी बाजूला पडला.

दुसरा संशय वायपरखालच्या जाळीचा. रेन ट्रीची बारीक पानं तिथे साचून दोन्ही बाजूंचे निचरे बुजतात आणि पाणी हवेच्या वाटेने आत येतं. पानं निघाली, मूठभर. पण पाणी ओतून पाहिलं तर ते चाकामागून नीट खाली जात होतं.

मग पाण्याच्या नळीची चाचणी. नळीला नोझल न लावता, साध्या धारेने, खालून सुरुवात करून वर जायचं आणि प्रत्येक जागी काही मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि आत कुठून आलं ते सांगता येत नाही. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने ही चाचणी करू नये, तो चांगल्या रबराच्या आडूनही पाणी आत ढकलतो. मुलगी बाहेर नळी धरून उभी, मी आत टॉर्च घेऊन. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढलेली, कार्पेट मागे दुमडलेलं, पत्र्यावर कोरडं वर्तमानपत्र अंथरलेलं.

उंबऱ्यावर धार असेपर्यंत कागद कोरडा राहिला. रबराच्या उभ्या बाजूंवर धार आली, तरीही कोरडा. धार काचेच्या खालच्या बाहेरच्या पट्टीवर गेली, आणि काही वेळाने दाराच्या पॅडच्या खालच्या कडेला, स्पीकरच्या जाळीच्या थोडं मागे, एक थेंब जमला. तो लोंबला, मोठा झाला आणि कागदावर पडला. मग दुसरा. थेंब रबराच्या आतल्या बाजूला पडत होते. म्हणजे पाणी रबर ओलांडून येतच नव्हतं. दाराच्या पोटातून येऊन ते रबराच्या अलीकडे पडत होतं. बाहेर कितीही जाड रबर लावलं असतं तरी हे थांबलं नसतं.

इथे दाराची रचना सांगायला हवी. काच खाली-वर होते त्या फटीतून पावसाचं थोडं पाणी दाराच्या आत जाणारच, ते गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. पाणी आतल्या आत खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते पॅडकडे येऊ नये म्हणून पॅडच्या मागे, आतल्या पत्र्यावर प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. पडद्याची खालची कड पत्र्यातल्या फटीतून दाराच्या आत खोचलेली असते, म्हणजे पडद्यावर आलेला थेंबही आतच पडतो.

पॅड उघडलं. काही वर्षांपूर्वी स्पीकर बदलताना पडदा स्पीकरभोवती फाडला होता आणि खालची कड परत खोचली नव्हती. पॅडच्या मागे ती नुसती लोंबत होती, तिच्यावरून पाणी सरळ पॅडवर येत होतं. तळाची भोकंही माती आणि कुजलेल्या पानांनी बुजलेली. स्क्रूड्रायव्हरने एक मोकळं केल्यावर चहाच्या रंगाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

उरली शिट्टी. कागदाच्या पट्ट्या दारात ठिकठिकाणी धरून दार लावलं आणि ओढून पाहिल्या. जिथे पट्टी सहज निघते तिथे रबर टेकत नाही. डाव्या पुढच्या दाराला खाली पट्टी हलत नव्हती, वरच्या मागच्या कोपऱ्यात आपोआप निघत होती. मागच्या दोन्ही दारांना मूळ रबर होतं आणि तिथे सगळीकडे पट्टीला चांगली ओढ लागत होती. मागे माणसं कमी बसतात, दारं कमी उघडतात, त्यामुळे ती रबरं अजून जिवंत होती. काचेच्या चॅनेलमधलं फेल्ट मात्र पुढे दोन्हीकडे झिजून टक्कल पडलेलं. चालकाच्या दाराचं टोक हाताने उचलून पाहिलं तर बिजागरात खेळ होता, दार किंचित खाली उतरलं होतं.

पर्याय

पाण्याच्या बाबतीत निवड करायची नव्हती. भोकं मोकळी करायची, पडदा नवा घालायचा, आणि ते त्याच दिवशी. प्रश्न होता रबराचा.

आहे ते रोलचं रबर ठेवून फक्त स्ट्रायकर जागेवर आणणं शक्य नव्हतं, कारण दार पुन्हा पहिल्या टप्प्यावर अडकलं असतं. याबद्दल मी घरच्यांशी स्पष्ट बोललो. पाणी आणि आवाज राहू दे, अर्धवट लागलेलं दार घेऊन सेतूवर जाणं मला मान्य नव्हतं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या गाडीची उतरवलेली रबरं आणावीत, असं काकांचं म्हणणं होतं. हँडल, आरसा, वायपरची मोटर यांसाठी ते ठीक आहे आणि मीही तिथूनच आणतो. रबराचं तसं नाही. त्याच वयाच्या गाडीचं रबर त्याच वयाचं आणि तितकंच दबलेलं असणार.

योग्य मापाचं रोलचं रबर हा खरा पर्याय होता. रोलचं रबर वाईट नसतं, माप न घेता लावलेलं वाईट असतं. आम्ही दारातली फट मोजली. कणकेच्या गोळ्या प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या कडेवर ठिकठिकाणी ठेवल्या, स्ट्रायकर मूळ जागी आणून दार हलकेच लावलं, आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजली. फट सगळीकडे सारखी नव्हती. नळी साधारण एक तृतीयांश दबावी इतकी जाड हवी, त्या हिशेबाने बाजूंना एक आणि वरच्या कोपऱ्यात दुसरं माप निघत होतं. रोलला एकच जाडी असते.

मूळ कंपनीचं रबर या कोपऱ्यांसाठी साच्यात घडवलेलं असतं. चासी नंबरवरून चौकशी केली तर पुढच्या दोन दारांची रबरं मागवल्यावर मिळणार होती, पण थांबावं लागणार होतं आणि रोलच्या तिपटीहून जास्त पैसे पडणार होते. काचेची चॅनेलं आणि बाहेरच्या पट्ट्या मूळ कंपनीच्या मिळत नव्हत्या, दुसऱ्या बनावटीच्या होत्या.

ठरलं असं: पुढची दोन रबरं मूळ, चॅनेलं आणि पट्ट्या बाहेरच्या, मागची दोन्ही जुनी रबरं तशीच ठेवायची. काकांना चारही बदलून टाकावीत असं वाटत होतं. चांगली ओढ देणारं मूळ रबर काढून फेकायला मी तयार नव्हतो, आणि पट्टी ओढून दाखवल्यावर त्यांनाही ते पटलं.

प्रत्यक्ष काम

काम दोन टप्प्यांत केलं. पहिल्या टप्प्यात पाणी. जाड पॉलिथिनचा पडदा जुन्यावर ठेवून कापला, कडेने काळी ब्युटाइल टेप लावली, स्पीकरच्या मागे पडद्याला खोलगट पिशवीसारखी जागा सोडली आणि खालची कड पत्र्याच्या फटीत खोचून दाबली. ही खोच द्यायची राहून गेली तर बाकी सगळी चिकटपट्टी व्यर्थ. पॅड लावण्याआधी पुन्हा नळी धरली. पाणी भोकांतून खाली पडत राहिलं, कागद कोरडा राहिला.

कार्पेट आणि फेल्ट बाहेर काढून घरात पंख्याखाली वाळवलं. जूनमध्ये ऊन कुठून आणायचं? पत्र्यावर वरवरचा गंज होता, तो घासून प्रायमर दिला. सीटखालचे वायरिंगचे कनेक्टर उघडून पाहिले, हिरवट झाले नव्हते.

मूळ रबरं यायची होती तोवर डाव्या दाराचं रोलचं रबर वरच्या भागात काढून ठेवलं आणि स्ट्रायकर मूळ रेघेवर आणून घट्ट केला. दार दुसऱ्या टप्प्यावर बसायला लागलं. वरून थोडी हवा यायची, ती घरच्यांनी मान्य केली. या काळात गाडी फक्त चेंबूरच्या आसपास फिरवायची, असं ठरलं.

रबरं आल्यावर उरलेलं रोलचं रबर उतरवलं, तेव्हा उंबऱ्याच्या कडेला गंज दिसला. रबराच्या आत पकडीसाठी धातूची पट्टी असते, तिच्यात पाणी अडकून राहिलं होतं. वायर ब्रश, गंजरोधक, प्रायमर, रंग. रंग पूर्ण वाळेपर्यंत रबर चढवायचं नव्हतं आणि हवेत ओल होती, म्हणून हॅलोजनचा दिवा लावून गाडी शेडमध्ये ठेवली. ओल्या किंवा कच्च्या रंगावर रबर चढवलं तर त्याच जागी पुन्हा गंज धरतो.

रबर बसवताना आधी कोपरे बसवायचे, मग सरळ भाग. रबर ताणायचं नाही. ताणून बसवलेलं रबर काही आठवड्यांत मूळ लांबीवर येतं आणि कोपऱ्यातून सुटतं. उलट प्रत्येक बाजूला किंचित सैल ठेवून हाताने आत दाबत जायचं. जोड खाली, उंबऱ्याच्या मध्यावर. नळीला बारीक भोकं असतात, दार लागताना आतली हवा तिथून बाहेर पडते. ती सिलिकॉनने किंवा चिकटवणीने बुजली तर दार उसळी मारून परत येतं.

चालकाच्या बाजूला आधी बिजागराची पिन आणि बुश बदलले, दार उचलून घेतलं आणि मगच रबर चढवलं. लोंबत्या दारावर नवं रबर चढवलं असतं तर ते एका कोपऱ्यात चिरडलं गेलं असतं. शेवटी काचेची चॅनेलं आणि बाहेरच्या पट्ट्या. चॅनेलमध्ये सिलिकॉनचा पातळ फवारा दिला, तेल नाही.

परिणाम

पाणी पहिल्या टप्प्यातच थांबलं होतं. जुलैच्या मुसळधार पावसात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली आणि सकाळी फेल्ट हाताला कोरडा लागला. वास जायला त्याहून जास्त काळ लागला. एसीचं फिल्टर बदलल्यावर तो गेला. काकू आता गाडीने जातात.

नवी रबरं बसल्यावर सुरुवातीला दारं घट्ट लागत होती. मुलीने स्ट्रायकर थोडा सरकवू का, असं विचारलं. मी नको म्हणालो. नवी नळी दबून रुळायला वेळ घेते, तोवर दार लावताना काच थोडी खाली घ्यायची, म्हणजे आतली हवा अडत नाही. पुढे दारं आपसूक हलकी झाली. सेतूवरची शिट्टी गेली. खड्ड्यांत काचेचा खडखड आवाज व्हायचा तोही थांबला, तो चॅनेलमुळे होता.

खर्चाचा मोठा भाग मूळ रबरांवर गेला. पाणी थांबवणाऱ्या सामानाला, म्हणजे पॉलिथिन आणि ब्युटाइल टेपला, काहीशे रुपये पुरले.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा फरक पडला असता तो मे महिन्यात. मुंबईत मान्सून सरासरी 11 जूनला येतो. त्याआधी नळीची चाचणी झाली असती तर रंग आणि चिकटवणी दोन्ही कोरड्या हवेत वाळली असती आणि फेल्ट एका दिवसाच्या उन्हात निघालं असतं. रबराची मागणी एप्रिलमध्ये दिली असती तर मधला थांबायचा काळही गेला नसता.

मूळ रबरं टाकून दिली गेली याचं मला जास्त वाईट वाटतं. चेंबूरमधल्या त्या दारांची मूळ रबरं कदाचित अजून दोन पावसाळे टिकली असती. पाणी त्यांच्यातून येत नव्हतंच. ती असती तर पुढे मागवलेली रबरं त्यांच्याशी ताडूनही पाहता आली असती. जुनं रबर काढलं की नवं बसून दार तपासेपर्यंत ते गाडीच्या डिकीत ठेवायचं, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

स्पीकर, पॉवर विंडो किंवा सेंट्रल लॉकसाठी ज्या दिवशी पॅड उघडलं जातं, त्याच दिवशी समोर उभं राहून पडद्याची खालची कड आत खोचली का, एवढं पाहिलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं.

एका निर्णयाबद्दल मतभेद होऊ शकतो: मागची रबरं ठेवली ते बरोबर की नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती जातील आणि तेव्हा मूळ भाग मिळेल याची खात्री नाही. कुणी म्हणेल, मिळतायत तोवर चारही घ्यायला हवी होती. माझं मत असं, की भाग घेऊन ठेवायला हरकत नाही, पण चालू रबर उतरवू नये. फक्त घेऊन ठेवलेलं रबर घडी घालून किंवा उन्हात ठेवू नये, सैल वेटोळं करून सावलीत ठेवावं. काकांनी मागच्या दोन दारांची रबरं आता मागवून ठेवली आहेत.

डिकीचं काम बाकी आहे. तिच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कागदाची पट्टी सैल निघते, आणि त्या बाजूच्या मागच्या दिव्याचं पॅकिंगही कडक झालंय. पाणी रबरातून येतं की दिव्यामागून, हे नळी धरल्याशिवाय सांगता येणार नाही. ते पाहायचं एप्रिलमध्ये ठरलं आहे. गाड्या पुसणाऱ्या मुलाला काकांनी डिझेल बंद करायला सांगितलं आहे. तो आता साबणाच्या पाण्याने रबरं पुसतो आणि महिन्यातून एकदा सिलिकॉनचा पातळ हात देतो.